कृत्रिम समुद्र आणि फेसाची युक्ती

काचेच्या पात्रात समुद्रजीव जिवंत ठेवावयाचा प्रश्न एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे. मासे व जलवनस्पती एकमेकांना तारतात, हे लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० मध्ये दाखविले. १८५३ मध्ये रीजंट्स पार्कमध्ये पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढील वर्षी फिलिप हेन्री गॉस याच्या ग्रंथाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गुरांचा पाणवठा असा होता.

परंतु वनस्पतींनी प्राणवायू पुरविला, तरी विष्ठेतील व उरलेल्या अन्नातील द्रव्ये पात्रातच कुजत. प्राणी मरत आणि हौशी मंडळी पुन्हा किनाऱ्याकडे वळत. संग्राहकांनी इंग्लंडचे किनारे ओरबाडले, ही खंत गॉसचा पुत्र एडमंड याने १९०७ मध्ये नमूद केली.

प्रोटीन स्किमर या यंत्रात प्रथिने बारीक बुडबुड्यांना चिकटतात. फेस वर चढून पेल्यात साठतो आणि मळ कुजण्यापूर्वीच पाण्याबाहेर पडतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे सहजी एकत्र होत नाहीत, म्हणूनच हे साधते. खाली जोडटाकी नसल्यास यंत्र पात्राच्या मागील काठावर टांगतात. मात्र बाष्पीभवनाने पातळी उतरली की फेसाचे प्रमाण बिघडते. तेव्हा शुद्ध गोडे पाणी घालून ती नित्य राखावी लागते.

आजही शोभेचे बहुतेक सागरी मासे समुद्रातूनच पकडून आणतात. त्यामुळे पात्रात दीर्घकाळ जगलेला प्रत्येक मासा समुद्रावरील एक मागणी कमी करतो, असे म्हणावयास हवे.