जोड कुणाशी लावायची?

१९५४चा मे महिना. दुधनी स्टेशनात तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढून तुम्ही सोलापूरकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये स्वतःला कोंबता. डब्यातली निम्मी माणसं गुलबर्ग्याकडून आलेली, म्हणजे हैदराबाद राज्यातली. तुम्ही मुंबई राज्यातले. बोलणं मात्र सगळ्यांचं सारखंच, अर्धं कानडी, अर्धं मराठी. इंजिनाचा कोळसा डोळ्यात जातो. समोरच्या बाकावर कान मोडलेले दोन पैलवान कडक भाकरीवर शेंगाचटणी घेऊन बसलेत आणि मांडीवर वर्तमानपत्र उघडलंय.

बातमी बडोद्याची आहे. अलीगढच्या हमीदा बानूने बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं.

"काय बे, दीड मिनिटात? लुटुपुटीची असंल."

"आधी छोटा गामा उतरणार होता की तिच्यासंगं. बाईशी लढत नाही म्हणून ऐनवेळी माघारी फिरला. ते पण लुटुपुटीचंच का?"

भाकरी संपेपर्यंत हा वाद काही मिटत नाही. तुम्हाला तो ऐकायला मजा येते, कारण दोघांनाही बाईची सगळी माहिती आहे. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. रोजचं साडेपाच लिटर दूध, शिवाय कोंबडी, मटण, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, दोन ताटं बिर्याणी. मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी लग्न करीन, असं तिने फेब्रुवारीत जाहीर केलं होतं. बडोद्याच्या आधी पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन गडी तिने पाडलेही होते.

पहिला पैलवान हात झटकतो आणि कोल्हापूरचं काढतो. तिथे सोमासिंग पंजाबीला तिने हरवलं तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली, दगड मारले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. पुण्यात रामचंद्र साळुंखेबरोबरची कुस्ती तर तिथल्या कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे झालीच नाही. तिने थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे दाद मागितली. त्यांचं उत्तर असं, की बंदी बाईमाणूस म्हणून नाही. आयोजक समोर बुजगावणी उभी करतात अशा तक्रारी आहेत.

डब्यातल्या गर्दीत जरा मान वर करून या उत्तराकडे बघा. बायकांची लढत बघायला लोक येत नाहीत, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. हे खोटं आहे. दहाच वर्षांपूर्वी, १९४४ साली मुंबईत, हमीदा विरुद्ध गुंगा पैलवान ही कुस्ती ऐनवेळी रद्द झाली. जमलेले लोक २० हजार होते, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं, आणि चिडून त्यांनी स्टेडियमची मोडतोड केली. प्रेक्षक होते. पैसा होता. नव्हती ती जोड. तिच्या वजनाची, तिच्या तोडीची दुसरी बाई हिंदुस्थानात कुणी तयारच केली नव्हती. म्हणून समोर पुरुष, आणि पुरुष हरला की संशय. त्याच १९५४मध्ये रशियाच्या व्हेरा चिस्तिलिनला तिने मुंबईत मिनिटभराच्या आत पाडलं. आता युरोपात जाऊन लढायचा तिचा विचार होता. तो तडीस गेला नाही.

गाडी पुढे जाते आणि वर्षं भराभरा मागे पडतात. १९६१ साली महाराष्ट्र केसरी सुरू होते, अर्थात पुरुषांची. ऐंशीच्या दशकात तुम्ही कल्याणला उतरता तेव्हा हमीदा बानू दूध विकते आहे, इमारतीतल्या खोल्या भाड्याने देते आहे, कधी रस्त्यावर खाद्यपदार्थही विकते आहे. १९८६मध्ये ती गेली. बातमीपुरतीही कुणाला आठवली नाही.

पुढचं स्टेशन मुंबई, ११ मार्च २०१२. अंधेरीच्या क्रीडा संकुलात सुपर फाइट लीगचा पहिला कार्यक्रम, दिव्यांचा लखलखाट, सिनेमावाले. ठोसे, लाथा, कुस्ती, सांधे पिळणं, गळा आवळणं, सगळं एकाच पिंजऱ्यात, म्हणजे एमएमए. अमेरिकेत याच खेळाच्या यूएफसी या संघटनेचा सर्वेसर्वा डेना व्हाइट २०११ साली, बायका इथे कधीच लढणार नाहीत, असं म्हणून मोकळा झालेला. २३ फेब्रुवारी २०१३ला त्याच यूएफसीत रोंडा राउझीने लिझ कारमुशचा हात पिळून सामना पहिल्याच फेरीत संपवला. तोवर शॅनन नॅपने २०१२मध्ये निव्वळ बायकांची इन्व्हिक्टा ही संघटना उभी केली होती. आपल्या मुंबईची मंजित कोळेकर सुपर फाइट लीगमधून त्याच इन्व्हिक्टात जाऊन लढली. तिचं नाव सोलापुरात किती जणांना ठाऊक आहे, विचारून बघा.

या खेळाने बायकांसाठी केलेली मोठी गोष्ट पिंजरा नव्हे, काटा. आदल्या दिवशी दोघींचं वजन होतं, गट ठरलेला असतो आणि जोड कागदावर लागते. वस्तादाची मर्जी नाही, आयोजकाची बुजगावणी नाहीत.

२४ मार्च २०२३ला तुम्ही सांगलीत असता. महिला महाराष्ट्र केसरीची पहिलीच अंतिम लढत, पुरुषांच्या स्पर्धेनंतर ६२ वर्षांनी. सांगलीची प्रतीक्षा बागडी कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवते. कल्याणहून आलेली पोर, आणि समोर तिच्या तोडीची दुसरी पोर. तुम्हाला डब्यातला तो पहिला पैलवान आठवतो.

मग ९ जून २०२४, रविवार सकाळ, दुधनी. बाजार समितीच्या आवारात तुरीच्या गोण्यांची थप्पी, मृगाच्या पावसाची वाट, आणि आडतीच्या कट्ट्यावर एक पोरगी मोबाइलला डोळे लावून. तिकडे लुइव्हिलमध्ये, मुहम्मद अलीच्या जन्मगावी, अजून शनिवारची रात्र आहे. मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या बुढाण्याची पूजा तोमर ५२ किलोच्या गटात रायन दोस सांतोसशी पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या लढते. निकाल ३०–२७, २७–३०, २९–२८. यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय. त्याच संध्याकाळी दिल्लीत पंतप्रधानांचा शपथविधी आणि न्यूयॉर्कला भारत-पाकिस्तान सामना, त्यामुळे बातमी कुठल्या कुठे बुडाली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये लंडनला पूजा शॉना बॅननकडून हरली, हेही त्या पोरीला माहीत असेल. हरणारीचा हिशोब ठेवतात ते खरे शौकीन.

इथून पुढचा प्रवास माझ्या कल्पनेतला, पण हवेतला नाही. २०२६च्या आइची-नागोया आशियाई स्पर्धेत एमएमए पदकाचा खेळ म्हणून घेतला गेलाय. सरकारी नोकरी, शिष्यवृत्ती, जिल्हा क्रीडा कार्यालय ही सगळी दारं पदकाच्या मागे उघडतात, पिंजऱ्याच्या झगमगाटाने नव्हे. शिवाय कुस्ती येणारी मुलगी इथे अर्धी लढाई जिंकूनच उतरते. कुस्तीतून आलेल्या ऋतू फोगाटने २०१९मध्ये वन चॅम्पियनशिप या एमएमए संघटनेत ते दाखवलं. तिथल्याच २०२१च्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत थायलंडच्या स्टॅम्पकडून ती हरली, पण पोचली अंतिम फेरीतच ना!

तर २०३५. सोलापुरात वजनं चाललीत आणि दुधनीची ती मुलगी काट्यावर उभी आहे. आकडा ५२.९. गट ५२.२चा. तासाभराची मुदत मिळते. दोन स्वेटर चढवून दोरीवर उड्या मारायच्या, थुंकून थुंकून पाणी काढायचं, हे तिला ठाऊक आहे. २०१५मध्ये यांग जियान बिंग हा चिनी लढवय्या असंच वजन उतरवताना गेला, त्यानंतर वन चॅम्पियनशिपने शरीरातलं पाणी तपासायला सुरुवात केली. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कुस्तीपटू विनेश १०० ग्रॅमसाठी बाद झाली, तेव्हा रात्रभर काय काय केलं होतं हेही सगळ्या देशाने ऐकलं. काट्यामुळे जोड लागली खरी, पण जीवही त्यावरच टांगला.

"स्वेटर काढ," वस्ताद म्हणतात. वस्ताद म्हणजे एक बाई, एके काळची मॅटवरची. "आज नाही लढायचं."

"बाई, सातशेच ग्रॅम आहेत."

"आज सातशे, पुढच्या वेळी दीड किलो. वरच्या गटात ये."

"वर सत्तावन्नात माझ्यासंगं कोण आहे? अक्कलकोट तालुक्यात तर कुणीच नाही."

बाई मोबाइल काढतात. अक्कलकोटात नाही, सोलापुरात एक आहे, पण तिचा गुडघा गेलाय. मग यादीत सरकत सरकत कर्नाटक येतं. आळंद. दुधनीहून तासाभराच्या आत.

"ती कर्नाटकाच्या संघटनेची," मुलगी म्हणते. "आपल्या शिबिरात घेतील?"

"घेत नाहीत. परवानगी मागावी लागते." बाई नंबर फिरवतात. "तू तोवर कानडीत बोलायची तयारी ठेव."