पॉप्लरच्या भिंतीवरचे नगरसेवक

लंडनला येऊन तीन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. दारातल्या पत्रांमध्ये कौन्सिलचा एक लिफाफा पडला होता. मला वाटलं, कौन्सिल टॅक्सची आठवण असेल. उघडून बघितलं तर आत मतदार नोंदणीचा फॉर्म. चुकून आला असणार म्हणून मी तो फ्रिजवर ठेवून दिला. माझ्याकडे भारताचा पासपोर्ट आणि वर्क व्हिसा. मला कोण मत देऊ देणार?

दोन दिवसांनी सहज गूगल केलं आणि कळलं की देतात. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना मतदानाचा हक्क आहे, कौन्सिलला आणि पार्लमेंटलासुद्धा. एके काळी साम्राज्यातला प्रत्येक जण ‘ब्रिटिश प्रजाजन’ होता, आणि इथे राहणाऱ्या प्रजाजनाला मत होतं. साम्राज्य गेलं, पण ही तरतूद कायद्यात राहून गेली. जुन्या सिस्टिममधला कोड कुणी काढून टाकायचं धाडस करत नाही, तसं काहीसं.

माझा फ्लॅटमेट म्हणाला, “जाऊ दे ना. आपण दोन वर्षांत परत जाणार. त्यांच्या गटारांशी आपलं काय देणंघेणं?”

मुद्दा बिनतोड होता. मी फॉर्म भरला नाही. भरला तो आणखी काही आठवड्यांनी, एका भिंतीमुळे.

मी राहत होतो पॉप्लरला, पूर्व लंडनमध्ये. ईस्ट इंडिया डॉक रोडवरून (नाव बघा!) हेल स्ट्रीट नावाची एक गल्ली आत वळते. तिथल्या भिंतीवर एक मोठं चित्र आहे, १९२१ मध्ये तुरुंगात गेलेल्या नगरसेवकांचं. आपल्याकडे नगरसेवक म्हटलं की फ्लेक्स आठवतो. इथे गुन्हा सिद्ध झालेल्यांचा गौरव चालला होता. मग मी वाचायला लागलो.

१९०० साली लंडनमध्ये २८ बरो तयार झाले आणि नोव्हेंबरात त्यांच्या पहिल्या निवडणुका झाल्या. पॉप्लर त्यातला एक: गोदी, कारखाने आणि दाटीवाटीची घरं. मतदार यादी मात्र तोकडी होती. सरकारी गरीब-मदत घेतली की मताचा हक्क जायचा. म्हणजे मदत किती द्यायची हे ठरवणाऱ्यांना निवडण्यात मदत घेणाऱ्यांना वाटा नाही. १९१८ च्या कायद्याने ही अट गेली, मतदार कितीतरी वाढले, स्त्रियाही वाढल्या. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९१९ मध्ये, पॉप्लरच्या ४२ पैकी ३९ जागा लेबर पक्षाने जिंकल्या. निवडून आलेल्यांत गोदी कामगार होते, रेल्वेवाले होते. जॉर्ज लान्सबरी महापौर झाले.

या कौन्सिलने आपल्या कामगारांना आठवड्याला किमान ४ पौंड पगार ठरवला. पुरुष आणि बाई दोघांना सारखा. १९२० मध्ये!

मग बेकारीची लाट आली आणि पैशांचं गणित फसलं. ते गणित असं. कौन्सिलचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, आणि ती घराच्या भाडेमूल्यावर. पॉप्लरमधली घरं स्वस्त, वेस्टमिन्स्टरमधली महाग. त्यामुळे पौंडामागे एक पेनी पट्टी वाढवली की वेस्टमिन्स्टरच्या तिजोरीत पॉप्लरच्या जवळपास नऊपट रक्कम जमा व्हायची. उलट बेकारांना द्यायच्या मदतीचा बोजा मुख्यतः ज्या त्या भागावर. जिथे बेकार जास्त, तिथेच पैसा कमी आणि पट्टी जास्त. शिवाय लंडन कौंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा यांच्यासाठीही प्रत्येक बरोने पट्टी गोळा करून द्यायची.

मार्च १९२१ मध्ये पॉप्लरच्या नगरसेवकांनी ठरवलं की आपल्या बरोपुरती पट्टी घ्यायची आणि वरच्या संस्थांसाठीची गोळाच करायची नाही. प्रकरण कोर्टात गेलं. २९ जुलैला नगरसेवक पायी मिरवणुकीने हाय कोर्टात निघाले, मागे सुमारे दोन हजार लोक. पुढच्या बॅनरवर लिहिलं होतं की पॉप्लर कौन्सिल हाय कोर्टाकडे आणि कदाचित तुरुंगाकडे चाललं आहे. कोर्टाने हुकूम दिला, त्यांनी तो मानला नाही, आणि सप्टेंबरात ३० जणांना अटक झाली. २५ पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात, ५ बायका हॉलोवेच्या. त्यातली नेली क्रेसल गरोदर होती.

आता यातला माझा आवडता भाग. कौन्सिलच्या सभा तुरुंगात भरायला लागल्या. बायकांना हॉलोवेहून गाडीने ब्रिक्स्टनला आणायचे. लान्सबरी कोठडीच्या खिडकीतून बाहेरच्या गर्दीपुढे भाषण करायचे. शेजारच्या स्टेपनी आणि बेथनल ग्रीन या बरोंनीही पट्टी नाकारायचं ठरवलं, तेव्हा सरकारला घाम फुटला. १२ ऑक्टोबरला नगरसेवक सुटले. त्याच वर्षी कायदा बदलून गरीब-मदतीचा खर्च लंडनभर वाटण्यात आला, आणि श्रीमंत बरोंना आपला वाटा उचलावा लागला.

मिनी लान्सबरी ही जॉर्ज यांची सून. पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबातली, पेशाने शिक्षिका, कौन्सिलात आल्डरमन, म्हणजे आपल्या स्वीकृत सदस्यासारखी. तुरुंगातून सुटल्यावर १ जानेवारी १९२२ ला न्यूमोनियाने गेली. वय ३२. बो रोडवर तिच्या स्मरणार्थ लावलेलं एक घड्याळ आहे.

आणखी एक आल्डरमन, १९२२ नंतरच्या: म्युरिएल लेस्टर. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी हॉटेल सोडून ज्या किंग्जली हॉलमध्ये राहिले, ते लेस्टर बहिणींचं, आणि ते याच पॉप्लर बरोत.

इथवर वाचून मी फॉर्म भरला. पण इतिहास इथेच थांबवला तर ती फसवणूक होईल.

१९६५ मध्ये पॉप्लर, स्टेपनी आणि बेथनल ग्रीन मिळून टॉवर हॅम्लेट्स झालं. तोवर या भागात बंगाली कामगार यायला लागले होते. ४ मे १९७८ ला लोकल निवडणुकांचं मतदान होतं आणि वंशद्वेषी नॅशनल फ्रंटचे उमेदवार टॉवर हॅम्लेट्समध्ये उभे होते. त्या संध्याकाळी कामावरून घरी निघालेल्या अल्ताब अली या तरुण कापड कामगाराचा व्हाइटचॅपलजवळ खून झाला. दहा दिवसांनी हजारो लोक त्याच्या शवपेटीमागून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेले. चार वर्षांनी, १९८२ मध्ये, इथे बांगलादेशी नगरसेवक निवडून आले. जिथे खून झाला तिथल्या बागेला आज अल्ताब अलीचं नाव आहे.

आणि मग १९९३. माझं ऑफिस ज्या कॅनरी वॉर्फमध्ये होतं, ते आयल ऑफ डॉग्जवर आहे. इथली गोदी १९८० मध्ये बंद पडली. तिच्या जागी काचेचे टॉवर उभे राहिले आणि त्यातल्या नोकऱ्या बाहेरून येणाऱ्यांना मिळाल्या. कौन्सिलच्या घरांची टंचाई होती. स्थानिकांच्या मुलाबाळांना आधी घर द्या, ही भाषा मोठे पक्षही बोलत होते. १६ सप्टेंबरला मिलवॉल वॉर्डात पोटनिवडणूक झाली आणि अतिउजव्या बीएनपीचा डेरेक बीकन निवडून आला. त्याला १४८० मतं, लेबरला १४७३.

सात मतं.

आठ महिन्यांनी, मे १९९४ मध्ये, सगळ्या कौन्सिलची निवडणूक झाली. बीकनची मतं आधीपेक्षा वाढली, तरी तो हरला. कारण या वेळी आधी घरी बसलेले लोक मोठ्या संख्येने बाहेर पडले. त्याचे मतदार कुठे गेले नव्हते. दुसरे आले, इतकंच.

हे वाचताना मी जरा अस्वस्थ झालो. पॉप्लरच्या भिंतीकडे बघताना मी आपोआप नगरसेवकांच्या बाजूला उभा होतो. मिलवॉलच्या गोष्टीत मात्र मी म्हणजे तो बाहेरून आलेला, काचेच्या टॉवरमधला माणूस. तिथला गोदी कामगार माझ्याकडे बोट दाखवून चिडला असता, आणि घर मिळत नाही ही त्याची तक्रार खोटी नव्हती. त्याने दोष चुकीच्या दारात नेऊन ठेवला, एवढंच. १९२१ मध्ये याच लोकांच्या आजोबांनी तो बरोबर दारात नेला होता.

पुढचं थोडक्यात. २०१० पासून इथे महापौर थेट निवडला जातो. २०१४ मध्ये लुत्फुर रहमान दुसऱ्यांदा जिंकले. चार मतदारांनी याचिका केली आणि २०१५ मध्ये निवडणूक न्यायालयाने गैरप्रकारांवरून ती निवडणूक रद्द ठरवली. त्यांच्यावर पाच वर्षांची बंदी आली. २०२२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि निवडूनही आले.

त्याच २०२२ च्या निवडणुकीत, ५ मे रोजी, मी मत दिलं. आत दोन बायका यादी घेऊन बसल्या होत्या. नाव-पत्ता विचारला. ओळखपत्र मागितलं नाही, तेव्हा तो नियम नव्हता. बोटाला शाई नाही. दोरीला बांधलेली पेन्सिल घेऊन फुली मारायची. खोडता येईल अशा पेन्सिलने! मी कागद दोनदा तपासला.

संध्याकाळी आईला फोन केला. ती म्हणाली, “तिथे मत देतोस होय? २०१७ ला पुण्याहून यायला तुला जमलं नव्हतं.” २०१७ ला आमच्या शहराच्या महापालिकेची निवडणूक होती आणि मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. बसने पाच तास. मी कंटाळा केला होता. २०२२ मध्ये राज्यातल्या कितीतरी महापालिकांप्रमाणे आमच्याही महापालिकेची मुदत संपली आणि निवडणुकीविना प्रशासक आला.

“आपल्या वॉर्डात २०१७ ला किती मतांनी निवडून आले होते गं?” मी विचारलं.

आईला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मिलवॉलचे सात मला तोंडपाठ होते.