शुद्ध सत्याग्रह (सेनापती बापट)

'शुद्ध सत्याग्रह' ही पांडुरंग महादेव बापट ऊर्फ सेनापती बापट (१२ नोव्हेंबर १८८०, पारनेर – २८ नोव्हेंबर १९६७, मुंबई) यांच्या राजकीय विचारातील मध्यवर्ती संकल्पना होय. सशस्त्र क्रांतिवाद आणि गांधीप्रणीत सत्याग्रह हे परस्परविरोधी मानले जाणारे दोन मार्ग बापटांनी या संकल्पनेत एकत्र आणले. तिची खरी कसोटी मुळशी सत्याग्रहात (१९२१–१९२४) लागली आणि त्यांना 'सेनापती' ही उपाधीही याच लढ्यात मिळाली.

पूर्वपीठिका

पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर बापट १९०४ मध्ये शिष्यवृत्तीवर एडिंबरो येथे अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी गेले. तेथे इंग्रजी राजवटीवर जाहीर टीका केल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. श्यामजी कृष्णवर्मा आणि 'इंडिया हाउस'मधील क्रांतिकारकांशी त्यांचा संबंध आला. पॅरिस येथे बॉम्बविद्येची माहिती मिळवून ते १९०८ मध्ये मायदेशी परतले. अलीपूर बॉम्ब खटल्यात त्यांचे नाव पुढे आल्यानंतर त्यांना काही वर्षे अज्ञातवासात काढावी लागली.

सुटकेनंतर पारनेर येथे त्यांनी हाती झाडू घेऊन रस्ते साफ करण्याचे व्रत घेतले. मुलाच्या बारशाच्या जेवणात अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना त्यांनी पहिल्या पंगतीचा मान दिला. पुढे त्यांनी गांधीजींचा स्वराज्याचा मार्ग व अहिंसेची शपथ स्वीकारली; तथापि प्रसंगी बळाचा वापर करण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही.

मावळ आणि मुळशी

टाटा जलविद्युत कंपनीने (स्थापना १९१०) लोणावळा, वळवण व शिरवता येथील जलाशयांचे पाणी घाटाखाली सोडून खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू केले. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवणे हा त्याचा हेतू होता. त्यानंतर मावळातील आंद्रा खोरे आणि पुढे मुळशी अशी धरणांची मालिका आखली गेली. ऐतिहासिक मावळ प्रांतातच मोडणाऱ्या मुळशी खोऱ्यात नीला व मुळा नद्यांच्या संगमाजवळील धरणाने पन्नासच्या आसपास गावे व भातशेती पाण्याखाली जाणार होती.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागेवर ठाण मांडले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. गांधीजींनी आरंभी या लढ्याला पाठिंबा दिला व काम काही काळ थांबले. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आदी कार्यकर्ते त्यात सहभागी होते. काम पुन्हा सुरू झाल्यावर मात्र आंदोलकांत मतभेद झाले. अनेक जमिनी सावकारांकडे गहाण होत्या. सावकार व मोठ्या जमीनमालकांना मोबदल्यात रस होता, तर कुळांना जमीनच हवी होती.

या टप्प्यावर बापटांची भूमिका अधिक तीव्र झाली. १९२४ च्या अखेरीस त्यांनी सहकाऱ्यांसह धरणाच्या बांधकामावरील रेल्वेगाडी अडवली. त्यानंतर पळून न जाता त्यांनी अटक पत्करली. या प्रकरणी त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि १९३१ मध्ये त्यांची सुटका झाली.

संकल्पनेचे स्वरूप

गांधीविचारात साध्य व साधन यांची फारकत होत नाही. अहिंसा हा सत्याग्रहाचा गाभा असतो. बापटांच्या मते कृतीची शुद्धता सत्याग्रहीच्या हेतूवर आणि आत्मबलिदानाच्या तयारीवर अवलंबून होती. गुप्त कटाच्या मार्गातील लपवाछपवी त्यांनी टाकली व प्रतिकाराचे बळ राखले. सत्याग्रहातून कृती उघडपणे करण्याची व शिक्षा स्वतः भोगण्याची शिस्त त्यांनी घेतली.

या भूमिकेवरील मुख्य आक्षेप असा, की बळाचा वापर कोठे थांबवायचा हे ठरवण्याचा निकष त्यात व्यक्तीच्या विवेकावर सोपवला जातो. शिवाय रेल्वेवरील कृतीमुळे लढ्याचे बाह्य स्वरूप अहिंसक राहिले नाही. दुसरीकडे, कायदा व सत्ता कंपनीच्या बाजूने असताना केवळ ठिय्या देऊन शेतकऱ्याची जमीन वाचत नव्हती, ही वस्तुस्थितीही या भूमिकेमागे होती.

परिणाम व उत्तरकाल

लढा अयशस्वी ठरला. धरण पूर्ण झाले आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. मुळशीचा सत्याग्रह मात्र धरणग्रस्तांच्या जगातील आरंभीच्या संघटित लढ्यांपैकी एक मानला जातो.

बापटांनी पुढेही कोणताही एक पंथ संपूर्णपणे स्वीकारला नाही. सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये ते सामील झाले आणि श्रीअरविंदांच्या 'द लाइफ डिव्हाइन' या ग्रंथाचा त्यांनी मराठी अनुवाद केला. १९५५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ते ना. ग. गोरे यांच्यासह निःशस्त्र सत्याग्रही म्हणून गोवा मुक्तिलढ्यात उतरले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही त्यांचा सहभाग होता.