न संपलेला सप्टेंबर

आजची गोष्ट एका महिन्याची आहे. पण आधी माझी एक चूक सांगतो.

दोन वर्षांपूर्वी टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलाने ग्रुपवर विचारलं, "दादा, चुकून केलेलं कमिट मागे कसं घ्यायचं?" मी दोन शब्द टाकले, "गूगल कर." तिघांनी हसायचे इमोजी टाकले. त्यानंतर त्याने ग्रुपवर काहीच विचारलं नाही. महिन्याभराने कुणालाही न विचारता त्याने फोर्स पुश केला आणि सगळ्यांचं दोन दिवसांचं काम उडालं. ते परत जुळवण्यात अख्खा शनिवार गेला. ओरडा त्याला बसला, पण त्याचं तोंड मीच बंद केलं होतं.

ही खेकसायची सवय आपल्याकडे आली कुठून? शोधता शोधता मी १९७९ मध्ये पोचलो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना यूझनेटची कल्पना सुचली. विषयवार गट, तुम्ही प्रश्न टाकायचा, दूरवरच्या कुणीतरी अनोळखी माणसाने उत्तर द्यायचं. फुकट!

तिकडे सप्टेंबरात कॉलेजं सुरू होतात. पहिल्या वर्षाची मुलं यूझनेटवर यायची आणि तेच ते प्रश्न विचारायची. जुने लोक कुरकुर करायचे, पण शिकवायचेही. काही आठवड्यांत पोरं रुळायची. त्यांच्यासाठी वेगळा गट होता, आणि नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकत्र लिहून ठेवलेली असायची. हो, आज प्रत्येक ॲपमध्ये दिसणारा 'एफएक्यू' हा प्रकार याच काळात रुजला. गंमत बघा, एमआयटीतल्या ज्या कॉम्प्युटरवर हे एफएक्यू साठवले होते, त्याचं नाव होतं 'आरटीएफएम'. म्हणजे "मॅन्युअल वाच", मध्ये एक शिवी घालून! नाव उद्धट, काम मात्र मदतीचं.

मग १९९३-९४ मध्ये अमेरिका ऑनलाइनसारख्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना यूझनेटचं दार उघडलं. आता नवखे वर्षातून एकदा नाही, रोज येऊ लागले. शिकवणारे तेवढेच, शिकणारे अफाट. जुन्यांनी वैतागून या काळाला नाव दिलं, 'न संपणारा सप्टेंबर'. मला वाटतं, इथेच शिकवणं मागे पडलं आणि शिवी तेवढी उरली.

आणि आपण? भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमार्फत. म्हणजे आपण सगळे त्या सप्टेंबरातच आलेली मंडळी!

आपण आलो आणि दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९९५ मध्ये, 'आरएफसी १८५५' नावाचा दस्तऐवज आला. इंटेलमधल्या सॅली हॅमब्रिज यांनी लिहिलेला, नेटवरच्या शिष्टाचाराचा. त्यात नवख्यांना सांगितलंय की आधी महिना-दोन महिने नुसतं वाचा, मग लिहा. आणि सगळ्यांनाच सांगितलंय की रागाच्या भरात लिहिलेलं उत्तर लगेच पाठवू नका, रात्रभर थांबा. जबाबदारी दोन्हीकडे आहे.

तरी सवय काही सुटली नाही. २०१८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने स्वतःच जाहीर कबूल केलं की आमच्याकडे नवख्यांना आपलंसं वाटत नाही. मग नवीन माणसाच्या प्रश्नावर 'हा नवीन आहे, सांभाळून घ्या' अशा अर्थाची खूण दिसू लागली.

तोच प्रश्न विसाव्यांदा आला की डोकं फिरतं, मान्य. माझंही फिरतं. पण आपल्यासाठी तो विसावा असतो, विचारणाऱ्यासाठी पहिलाच. मी आता एक साधं करतो. तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला की उत्तर नीट लिहून ठेवतो, तिसऱ्याला लिंक देतो आणि खाली एक ओळ जोडतो, "अडलं तर विचार."

त्या मुलाची मी माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, "दादा, मग एक विचारू का?"

भेटू पुढच्या भागात!