हरामी, दोजी, मारुबोझू: चार्टवरच्या जपानी शब्दांचे अर्थ

शेअरच्या ॲपवर किंवा ट्रेडिंगच्या व्हिडिओत ‘बुलिश हरामी’ हे नाव पहिल्यांदा दिसलं की हसू येतंच. पण ही शिवी नाही. जपानीत ‘हरामी’ म्हणजे गरोदर. मोठ्या कॅन्डलच्या पोटात पुढच्या दिवसाची छोटी कॅन्डल मावली, की झाला हरामी.

हे शब्द तांदळाच्या देशातून आलेत. ओसाकाच्या दोजिमा बाजारात 1730 साली तांदळाच्या वायद्यांना सरकारी मान्यता मिळाली. साकाताचा व्यापारी होम्मा मुनेहिसा याला कॅन्डलचा जनक म्हणतात, पण आजच्यासारखी कॅन्डल त्यानेच काढली याला पक्का पुरावा नाही.

शिरपूर जैनच्या पोराला हे सोयाबीनवरून पटकन कळेल. समजा, दिवसाचा पहिला भाव 4200, सगळ्यात वरचा 4350, सगळ्यात खालचा 4150 आणि शेवटचा 4300. 4200 ते 4300 हा जाड भाग म्हणजे बॉडी. वर 4350 आणि खाली 4150 पर्यंत जाणाऱ्या बारीक रेषा म्हणजे वाती. बाजार समिती किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव देते. पहिला आणि शेवटचा देत नाही. म्हणून त्या आकड्यांवरून कॅन्डल बनत नाही.

दोजी म्हणजे जिथे उघडला तिथेच बंद झालेला भाव. कॅन्डल अधिकच्या चिन्हासारखी दिसते. मारुबोझू म्हणजे तुळतुळीत चकोट डोकं, वातीच नाहीत. रेन्को हे नाव ‘रेंगा’ म्हणजे विटेवरून आलं असं मानतात. भाव ठरावीक अंतर सरकला तरच नवी वीट, मग दिवस कितीही जावोत.

खरी गडबड हेइकिन-आशीत होते. हेइकिन म्हणजे सरासरी. चार्ट गुळगुळीत, छान दिसतो, पण त्यातले भाव काढलेले असतात, बाजारातले नसतात. तो बघून ऑर्डर टाकली तर सौदा भलत्याच भावात होतो. ऑर्डरआधी साधी कॅन्डल लावून बघा.

आणि ‘दोजी आली, कॉल घ्या’ असा मेसेज ग्रुपवर आला तर? दोजी एवढंच सांगते की त्या वेळात कुणाची सरशी झाली नाही. उद्याचं ती सांगत नाही. सेबीच्या 2024 च्या अभ्यासात, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला होता. सरासरी माणशी सुमारे 2 लाख रुपये.

जाता जाता: जपानी साइटवर निक्केई लाल दिसला तर घाबरू नका. तिकडे वाढ लाल रंगात दाखवतात.