उतरू का? : विमानातून विचारायच्या एका प्रश्नाचा इतिहास

मंडळी, पाबळवरून रात्री विमानाचा दिवा सरकताना दिसला की आपण म्हणतो, लोहगावला चाललंय. तिथला कंट्रोल टॉवर हवाई दलाकडे आहे. प्रवासी विमानालाही उतरायची परवानगी तिथूनच मिळते. पण परवानगी मागायला रेडिओच नसेल तर?

15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा 25 किलो टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमान छोटं, पस मॉथ. त्यात रेडिओ नव्हता. जुहूचं विमानतळ म्हणजे समुद्राकाठची चिखलट जमीन. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं. मग टाटांचा सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलायचा आणि विमानं उतरायची कुठे, तर येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानात! म्हणजे लोहगावच्या आधी आपल्याकडे हे झालेलं आहे.

बिनरेडिओच्या विमानांची रीत साधी होती. मैदानावर घिरटी घालायची, म्हणजे खालच्यांना कळायचं, हा उतरणार. वारा कुठून येतो ते काठीवरच्या कापडी पिशवीवरून बघायचं. मोठ्या विमानतळांवर खालून दिव्याने उत्तर मिळायचं. स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या, घिरट्या घालत राहा. ही भाषा अजून जिवंत आहे बरं का. आज रेडिओ बंद पडला तर वैमानिक ट्रान्सपॉन्डरवर 7600 लावतो, टॉवरचा दिवा शोधतो आणि दिवसा पंख हलवून, रात्री दिवे उघडझाप करून ‘कळलं’ म्हणतो.

रेडिओ आला आणि काम सोपं झालं, असं वाटतं. पण दिव्याचा गैरसमज होणं अवघड, शब्दाचा सोपा. म्हणून टॉवरने दिलेली परवानगी वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणायची असते. लोहगावची धावपट्टी 10 असेल तर ‘टेन’ नाही, ‘वन झीरो’.

एवढं करूनही 12 नोव्हेंबर 1996 ला दिल्लीत उतरायला येणारं कझाक विमान 15,000 फुटांवर थांबायला सांगितलं असताना खाली आलं. चरखी दादरीवर ते सौदी विमानाला धडकलं. 349 माणसं गेली. त्या विमानात टॉवरशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे होते.

2008 पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या वैमानिकांना आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या नियंत्रकांना इंग्रजीची ठरावीक पातळी गाठावी लागते.