अविरत भाषा-अध्ययन (संगणकशास्त्र)

अविरत भाषा-अध्ययन ही यंत्र-शिक्षणातील एक पद्धत आहे. या पद्धतीत संगणक आंतरजालावरील मजकूर सतत वाचतो, त्यातील तथ्ये ज्ञानसंग्रहात साठवतो आणि त्या संग्रहाच्या आधारे पुढील मजकूर अधिक अचूक वाचण्यास शिकतो.

नेल प्रणाली

या पद्धतीचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘नेल’ ही प्रणाली होय. टॉम मिचेल यांच्या नेतृत्वाखाली ती जानेवारी २०१० मध्ये कार्यान्वित झाली. शहर, कंपनी, खेळाडू असे शेकडो वर्ग आणि प्रत्येक वर्गाची मोजकी उदाहरणे तिला आरंभी देण्यात आली होती. इंग्रजी मजकूर वाचून ती नवी उदाहरणे शोधत असे. ‘कुकी’ हा शब्द खाद्यपदार्थांबरोबरच संगणकातील फाइलसाठीही वापरला जात असल्याने तिने अशा फाइलींची गणना भाजलेल्या पदार्थांत केली होती. एका चुकीतून पुढील चुका वाढत जाण्याच्या या प्रकारास अर्थविचलन म्हणतात. तो रोखण्यासाठी अनेक वर्गांचे अध्ययन परस्परांशी जोडले जाते, तसेच माणसांकडूनही दुरुस्ती केली जाते.

मराठीतील अडचणी

मराठीत नामाला विभक्ती प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते. त्यामुळे ‘परांडा’ आणि ‘परांड्यात’ हे एकाच गावाचे उल्लेख आहेत, हे संगणकाला शिकावे लागते. समान नावेही संदिग्धता निर्माण करतात. वाशी हा धाराशिव जिल्ह्यातील तालुका आहे आणि नवी मुंबईतील उपनगरही. कळंब नावाचा तालुका यवतमाळ जिल्ह्यातही आहे.

बदलणारी तथ्ये

वाचलेले विधान लिहिले गेले तेव्हा खरे असले, तरी पुढे ते कालबाह्य होऊ शकते. लातूर जिल्हा १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या मजकुरात लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील गाव म्हणून येते. उस्मानाबाद शहराच्या ‘धाराशिव’ या नामांतरास केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्यता दिली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचे नावही बदलले. मात्र शेळीची प्रसिद्ध जात आजही ‘उस्मानाबादी’ याच नावाने ओळखली जाते. म्हणून जुन्या नावाच्या जागी सर्वत्र नवे नाव घालणे पुरेसे नसते. प्रत्येक तथ्यासोबत त्याचा काळ नोंदवावा लागतो.

एकदाच प्रशिक्षित केलेल्या भाषा-प्रारूपांना ही मर्यादा अधिक जाणवते. पुण्यातील एल३क्यूब या गटाने ‘महाकॉर्पस’ हा मराठी मजकूरसंग्रह आणि त्यावर आधारित ‘महाबर्ट’ हे प्रारूप २०२२ च्या आरंभी प्रसिद्ध केले, तेव्हा जिल्ह्याचे अधिकृत नाव उस्मानाबाद हेच होते. अशा प्रारूपास केवळ नव्या मजकुरावर पुन्हा प्रशिक्षण दिल्यास ते पूर्वी शिकलेले विसरू शकते. चेताजालांतील या दोषास विनाशकारी विस्मरण म्हणतात. तो टाळण्यासाठी नव्या मजकुरात जुन्या मजकुराचा काही अंश मिसळला जातो.